पहिल्या रांगेतली खुर्ची

शॉमबर्ग
रविवार, ७ सप्टेंबर १९८६
गणेशचतुर्थी

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. वाचायचं नसेल तर इथेच थांब, माझी हरकत नाही. मी मात्र लिहिणार आहे.

तसं कारण काही नाही. कंपनीनं मला जुलै-ऑगस्ट दोन महिने मलेशियात पेनांगला पाठवलं होतं. परत येऊन आठवडा झाला. इथे ऑफिसात जो तो विचारतो, ट्रिप कशी झाली, आणि उत्तर ऐकायच्या आत कॉफीचा कप घेऊन निघून जातो. लतिकाला सगळं दोनदा सांगून झालं. ती म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा सांगायचं असेल तर आता दुसरं माणूस शोधा." मग तिनंच बिस्किटांच्या डब्यातल्या वहीतून तुझा एडिसनचा पत्ता काढून दिला. मला वाटत होतं तुम्ही अजून जर्सी सिटीतच आहात. दर दिवाळीला पहाटे मी आंघोळीला गेलो की ती तुला फोन करते, हे मला आज नऊ वर्षांनी कळलं. पाण्याचा आवाज थांबला की फोन बंद. मी म्हटलं, एवढं चोरून कशाला? तर म्हणाली, "उघड केला असता तर तुम्ही आंघोळ करायचं सोडलं असतंत."

तर पेनांग.

आमच्या कंपनीचे सुटे भाग तिथल्या एका कारखान्यात तयार होतात. केसाहून बारीक सोन्याची तार मुली सूक्ष्मदर्शकातून बघून जोडतात. त्यांना तपासणी शिकवायला मला पाठवलं होतं. बाकीचे साहेब लोक समुद्रकाठच्या हॉटेलात उतरले. मला तिथे जेवण्याची पंचाईत, म्हणून कारखान्यातल्या सेल्वम नावाच्या तमिळ फोरमननं मला जुन्या गावात एका बाईंच्या घरी माडीवरची खोली मिळवून दिली. बाई चिनी, विधवा, साठीच्या, आणि पक्क्या शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. नाव मिसेस ओंग. आपल्या गावाबाहेर कुणी माझं सोवळं इतकं सांभाळलं नसेल.

त्या गावात दुकानांपुढे सलग पडवी असते. ऊन असो की पाऊस, या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस पडवीपडवीनं चालत जातो. सकाळी सहाला एक म्हातारा लोखंडी कढईत साखर आणि लोणी घालून कॉफीचे दाणे भाजतो, त्याचा धूर थेट माझ्या खिडकीत. खाली तमिळ पोरं कणकेचा गोळा हवेत फिरवून धोतरासारखा पातळ करतात आणि तव्यावर घडी घालतात. ती रोटी आणि डाळ, हा माझा नाश्ता. दुधाचा चहा डब्यातल्या गोड दुधाचा. दुपारी सायकलरिक्षावाले आपल्याच रिक्षात गिऱ्हाइकाच्या जागी बसून झोपतात, तोंडावर टोपी. चारच्या सुमाराला आभाळ येतं, पाऊण तास कोसळतं आणि जातं. मग कारखान्याच्या बसगाड्या सुटतात. निळ्या झग्यातल्या मुली डोळे चोळत उतरतात. दिवसभर भिंगात बघून त्यांना लांबचं काही वेळ नीट दिसत नाही. घरापर्यंत एकमेकींचा हात धरून जातात.

मला त्यांना बघून तुझी रात्रीची ड्यूटी आठवायची, मी तुझ्याकडे राहत होतो तेव्हाची. तू सकाळी घरी यायचीस आणि मी कामावर निघायचो. जिन्यात गाठ पडायची. माझा डबा तू रात्री निघतानाच भरून ठेवलेला असायचा.

सेल्वम मला 'अण्णे' म्हणायचा. त्यांच्यात थोरल्या भावाला तसं म्हणतात. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलावतोय का.

आणि कावळे फार. आपल्याकडचेच, राखाडी मानेचे. पडवीत, तारांवर, चहावाल्याच्या टेबलावरसुद्धा. इथे शॉमबर्गला कावळा दिसतो तो लांबच्या झाडावर, माणसाजवळ फिरकत नाही. दोन वर्षांनी इतक्या जवळून कावळा बघितला आणि मला त्याच्याकडे बघवेना. ते असो.

आज गणपती बसवला. लतिकानं मोदक केले, तांदळाची उकड जरा चिरली. आई गेल्याचं कार्ड मी पाठवलं होतं ते तेव्हा मिळालं असेल.

दिगंबर


शॉमबर्ग
रविवार, १४ सप्टेंबर १९८६

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराची वाट बघत नव्हतो. तरी रोज पेटी उघडून बघितली.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. मी ज्या घरी राहत होतो त्याच्या खाली मिसेस ओंगचं दुकान आहे. त्यात मेलेल्यांचं सामान मिळतं. सगळं कागदाचं. कागदी सदरे, कागदी चपला, कागदी घड्याळ, कागदी दातांची कवळीसुद्धा. चिनी लोक ते जाळतात, म्हणजे ते वरच्यांना पोचतं. ऑगस्टमध्ये त्यांचा एक महिना येतो, आपल्या पितृपक्षासारखा. त्या महिन्यात वरचं दार उघडतं आणि मेलेली माणसं खाली येतात, भुकेली. ज्यांना घर आहे ती घरी जातात. ज्यांचं कुणी नाही ती रस्त्यानं हिंडतात. म्हणून लोक रस्त्याच्या कडेला भात, संत्री, चहाचे पेले मांडतात आणि उदबत्त्या खोचून ठेवतात. मी कामावर जाताना त्या पानांना वळसा घालून जायचो. कुत्रीसुद्धा लगेच तोंड लावत नाहीत. का, ते मला विचारू नकोस.

एका व्यापाऱ्याच्या मुलांनी बापासाठी कागदी घर करायला दिलं होतं. अमेरिकेत असतं तसं हवं म्हणाले. बांबूच्या कामट्या आणि कागद घेऊन बाई बसल्या होत्या. मला म्हणाल्या, तुम्ही तिकडचे, सांगा कसं करू. मी सांगत गेलो. पुढे हिरवळ, मोठी काच, शेजारी गॅरेज. त्यांनी गॅरेजमध्ये कागदी मोटारही ठेवली. पुरं झालं तेव्हा लक्षात आलं, मी त्यांना माझंच घर सांगितलं होतं. टपालाच्या पेटीसकट. दुसऱ्या दिवशी चौकात ते जाळलं. तीन मिनिटं लागली. शेवटी पेटी राहिली होती, मग तीही गेली.

आईनं माझं घर बघितलं नाही. तुझंही नाही.

आता जी गोष्ट लिहायला बसलो ती लिहितो. त्या महिन्यात गल्लीगल्लीत रस्त्यावर मांडव घालून नाटक होतं. तोंडं रंगवलेल्या बाया, डोक्यावर मोरासारखे मुकुट, झांजा, मोठमोठ्यानं गाणं. एका शनिवारी दुपारी सेल्वम मला बाजारात घेऊन गेला होता. तीन वाजले असतील. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. एका गल्लीत नाटक चाललेलं. दोन बाया जीव तोडून गात होत्या, एक रडत होती, खरोखरचं पाणी होतं डोळ्यांत. आणि पुढे माणूस नाही. मागे लांब, पडवीच्या सावलीत दहाबारा जण उभे. समोर लाल खुर्च्यांची पहिली रांग पूर्ण रिकामी.

सेल्वम उसाचा रस आणायला गेला. मला ते बघवेना. आपल्या देवळात कीर्तन असलं की शाळेतले मास्तर आपल्याला पुढे ढकलायचे, आठवतं? बुवा उभे राहिलेत आणि समोरची जागा मोकळी, हा बुवांचा अपमान, असं सांगायचे. पुढे बसायला लाज वाटली तरी बसायचं. मी तसाच गेलो. हात जोडून स्टेजला नमस्कार केला आणि पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसलो.

रडणारी बाई गाता गाता अडखळली. एकदाच. मग माझ्या डोक्यावरून बघत गात राहिली.

शरयू, तिथे मला मिश्रीचा वास आला.

तू हसशील. मीही हसलो असतो. त्या गावात मिश्री कोण लावणार? तंबाखू जाळून खापरावर वाटलेली, आईच्या बोटाला असायची तशी, ओली. डाव्या बाजूनं येत होता. डावीकडे रिकामी खुर्ची. मी तिकडे बघितलं नाही. आई शेजारी बसली की गुडघा हलवायची आणि पदराचा सळसळ आवाज व्हायचा. तसाही आवाज होता, पण झांजा चालू होत्या, त्यामुळे मी शपथेवर सांगणार नाही.

सेल्वम दोन पेले घेऊन आला होता आणि रांगेच्या मागेच उभा होता. पुढे येईना. हळूच म्हणाला, "अण्णे, उठा. कुणाला धक्का न लावता उठा."

मी उठलो. धक्का लागायला तिथे कुणी नव्हतं. तरी मी अंग चोरून बाहेर आलो.

मग त्यानं सांगितलं. ती रांग मेलेल्यांची. नाटक त्यांच्यासाठीच असतं. जिवंत माणसं मागे उभी राहतात. तो स्वतः मारियम्मन देवीचा भक्त, तरी त्याचा चेहरा उतरला होता. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "तिकीट न काढता बसलात, अण्णे. त्यांचं तिकीट फार महाग असतं." मी हसलो. रस प्यायलो.

घरी आल्यावर मिसेस ओंगना सांगावं लागलं, कारण सेल्वमनं आधीच सांगितलं होतं. त्यांनी काही आरडाओरड केली नाही. चहा ओतला आणि एवढंच विचारलं, "शेजारी कोण बसलं होतं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

आज इथेच थांबतो. उद्या पहाटेची पाळी आहे.

दिगंबर


शॉमबर्ग
रविवार, २१ सप्टेंबर १९८६
पितृपक्ष

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन फाडली. त्यांत बाजाराचंच वर्णन फार झालं होतं.

मिसेस ओंगनी दुसऱ्या दिवशी स्वतः स्वयंपाक केला. म्हणाल्या, ज्याची जागा घेतली त्याला जेवू घालायला हवं. तुमच्या आईला काय आवडायचं? मी 'आई' हा शब्द त्यांच्यापाशी काढलाच नव्हता. म्हटलं, कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. कुळीथ तिथे मिळाले, तमिळांच्या दुकानात. भाकरी मी केली. चिरली, पण झाली. त्यांनी आपल्या देव्हाऱ्यापुढे ताट मांडलं, शेजारी पाण्याचा पेला, उदबत्ती.

मग त्यांनी लाल लाकडाचे दोन तुकडे घेतले. काजूच्या आकाराचे, एक बाजू सपाट, एक फुगीर. जोडीनं जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर 'हो'. दोन्ही सारखे पडले तर 'नाही'. आपल्याकडे गुरव देवाला कौल लावतो ना, तसंच. मला काही परकं वाटलं नाही. बाईंनी त्यांच्या भाषेत विचारलं, नंतर मला अर्थ सांगितला. विचारलं होतं, पोट भरलं का?

नाही.

थोडं थांबून पुन्हा टाकले. नाही. भात वाढला, पुन्हा टाकले. तुकडे लांब घरंगळत गेले, माझ्या पायाशी थांबले. दोन्ही पालथे.

बाईंनी तुकडे उचलले आणि म्हणाल्या, "तुमची आई भुकेली नाही. भुकेलं माणूस दुसऱ्यांदा विचारलं की घेतं. ती वाट बघते आहे. तिला काय सांगायचं राहिलंय?"

मला ठाऊक होतं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

आता तुला सांगतो. आधी शेवटचं सांगतो, मग पहिलं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आई गेली तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचलो. अग्नी काकांच्या जगन्नाथनं दिला होता. दहाव्याचे पिंड मी केले. नदीकाठी ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरून बसलो. कावळे आले, समोरच्या आंब्यावर बसले, शिवेनात. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. मेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं आणि मोठ्यानं कबूल करायचं. काकांनी सांगितलं, गाय विकणार नाही. जगन्नाथनं सांगितलं, तुळशीला रोज पाणी घालीन. शेजारच्या नंदामावशीनं सांगितलं, देवळातला तुझा दिवा मी लावीन. एकेक जण पुढे होऊन सांगत होता. ऊन डोक्यावर आलं. कुणी तुझं नाव घेतलं नाही. आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तुझं नाव घ्यायचा हक्क माझा होता. मी खाली वाळूकडे बघत बसलो. कावळे उडाले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. गवताच्या कावळ्यानं आईची सुटका झाली असं ठरलं, आणि आम्ही घरी येऊन जेवलो.

हे झालं शेवटचं. पहिलं असं.

त्याच्या आधी, ब्याऐंशीच्या डिसेंबरात मी गावी गेलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी आई चुलीपाशी बसली होती. मला बस म्हणाली. मग म्हणाली, "शरयूला विचार हो, माझ्याकडे जेवायला येतेस काय म्हणून. नवऱ्याला घेऊन ये म्हणावं. मी वाढीन दोघांना." मी म्हटलं, आई, लोक काय म्हणतील, ते आपल्यातले नाहीत. ती म्हणाली, "लोकांना मी जेवायला कुठे बोलावत्ये? तू नुसतं विचार. आली तर आली. पण विचार."

मी हो म्हटलं.

इथे आलो आणि विचारलं नाही. आज उद्या करत गेलो. तुझ्या लग्नाला मी येऊन, त्या शाळेच्या हॉलमध्ये पान वाढलेलं असताना उठून गेलो होतो. तू मागे धावत आलीस, "दादा, पान वाढलंय" एवढंच म्हणालीस. मी वळलो नाही. आणि गावी पत्र लिहून मीच सगळ्यांना सांगितलं की ती आपल्याला मेली. तुझ्या अर्जावर या देशात आलो, तुझ्या घरी वर्षभर जेवलो, आणि हे लिहिलं. आता कुठल्या तोंडानं फोन करायचा? हे झालं सबब सांगणं. खरं असं की आई तयार होती आणि मी तयार नव्हतो. तिसरी शिकलेली बाई चुलीपाशी बसून तयार झाली. मी विमानानं दोन समुद्र ओलांडले होते.

पत्रागणिक आई विचारायची, विचारलंस का? सहा महिन्यांनी मी लिहून टाकलं: 'शरयूला विचारलं. ती नको म्हणाली.'

हे मी लिहिलं, शरयू. माझ्या हातानं. तू नको म्हणाली नव्हतीस. तुला कुणी विचारलंच नव्हतं.

पत्र जगन्नाथ तिला वाचून दाखवायचा. दहाव्याच्या दिवशी नदीवरून येताना तो माझ्याबरोबर चालत होता. म्हणाला, "तुझं ते पत्र वाचलं त्या दिवशी काकू जेवली नाही. संध्याकाळी मला बोलावून म्हणाली, परत एकदा वाच." मग पुढे म्हणाला, "दिगूदादा, शरयूताई खरंच नको म्हणाली?"

मी त्यालाही हो म्हटलं.

आई त्यानंतर आठ महिने होती. तेवढे आठ महिने ती तू नको म्हणालीस असं धरून जगली.

आज सकाळी हे लतिकाला सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं, नाहीतर दिवाळीच्या फोनवर तुला कळलंच असतं. ती ताटं विसळत होती, ती विसळून संपवली आणि म्हणाली, "मी तिला यातलं काही सांगणार नाही. तुमचं तोंड आहे, तुम्हीच सांगा." त्यानंतर अजून बोललेली नाही. दुपारचं ताट मात्र वाढलं.

उद्या जेवणाच्या सुट्टीत हे टाकीन. पेटीत टाकताना हात मागे येऊ नये म्हणून तिकिटं आत्ताच लावून ठेवली आहेत.

दिगंबर


शॉमबर्ग
शुक्रवार, ३ ऑक्टोबर १९८६
सर्वपित्री अमावास्या

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही. येईल असं मी धरलेलं नाही.

आईच्या तिथीला रजा मिळाली नाही, म्हणून आज घेतली. दुपारी थोडं ग्रहण आहे असं रेडिओवर सांगत होते, म्हणून लतिकानं स्वयंपाक सकाळीच उरकला. खीर, वडे, भाजी, आणि न सांगता तिनं कुळथाचं पिठलंही केलं. भाकरी मी केली. आज कमी चिरली.

घरामागे तळं आहे. त्याच्या काठाशी गवतावर पान ठेवलं. केळीचं पान मिळत नाही, कागदी प्लेट. आधी ते करडे मोठे पक्षी आले, ज्यांना इथे गीझ म्हणतात. सहा-सात, मान पुढे काढून. लतिका दारातून म्हणाली, "आली बघा तुमची सासुरवाडी जेवायला." बारा दिवसांनी ती माझ्याशी थट्टेनं बोलली. मी काठीनं त्यांना हाकललं. मग एक कावळा आला. इथला, मोठा, पूर्ण काळा. पार्किंगच्या दिव्याच्या खांबावर बसला.

मी हात जोडले आणि मोठ्यानं बोललो. शेजारचा माणूस गाडी धूत होता, तो बघत होता, बघू दे म्हटलं. मी म्हटलं, "आई, शरयू नको म्हणाली नव्हती. मी तिला विचारलं नव्हतं. मी खोटं लिहिलं." दोनदा म्हटलं.

कावळा बसून राहिला. मान वाकडी करून पानाकडे बघत होता. खाली येईना.

मला वाटलं होतं तो येईल. आता सगळं सांगून झालं होतं. तुला लिहिलं, आईला सांगितलं, लोकांसमोर सांगितलं. माझ्याकडे आणखी काही उरलं नव्हतं. मी तिथेच गवतावर बसलो. मिश्रीचा वास आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

लतिका चपला घालून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, "आई तुम्हाला काय म्हणाल्या होत्या?"

मी म्हटलं, सांगितलं ना तुला.

"पुन्हा सांगा."

मी सांगितलं. शरयूला विचार, जेवायला येतेस काय म्हणून.

"मग?" ती म्हणाली. "पानभर कबुल्या लिहिल्यात. आईंना सांगितलंत, कावळ्याला सांगितलंत. त्या गाडीवाल्यालाही सांगून झालं. तिला विचारलंत का?"

शरयू, मी तीन रविवार तुला लिहिलं. मघाशी आत येऊन मी मनातल्या मनात ती पत्रं वाचून बघितली. पेनांगची कॉफी आहे, कागदाचं घर आहे, खुर्ची आहे, माझं पाप आहे. तो एक प्रश्न त्यांत कुठेच नाही. आईनं सांगितलेलं काम एका ओळीचं होतं. ते मी अजून केलेलं नाही.

पान बाहेर आहे. कावळाही आहे, खिडकीतून दिसतो. लतिका काठी घेऊन राखण करते आहे. ग्रहण लागायच्या आत हे पुरं करून टाकायला जातो.

आई आता नाही, त्यामुळे वाढणं माझ्याकडे. पिठलं लतिका करील, भाकरी मी करीन, चिरेल. एडिसनहून इथे यायला लांब पडेल, तर आम्ही तिकडे येऊ आणि तुझ्याच घरात मी वाढीन. प्रतापरावांचं नाव मी आजवर कधी लिहिलं नाही, बोललो नाही. आज लिहितो. त्यांचं पान आधी वाढीन, आणि त्यांच्या शेजारी बसेन. तुझ्या लेकीला, वीणाला, मी माहीत नसेन. तिला काय सांगायचं ते तू ठरव.

तू नको म्हणालीस तर ते तुझं नको असेल. तसंच मी आईला सांगीन, आणि या वेळी खरं सांगीन.

चार वर्षांचा उशीर झाला. निरोप जसा दिला होता तसाच लिहितो, माझा एक शब्द न घालता.

शरयू, आई विचारते आहे, माझ्याकडे जेवायला येतेस काय? नवऱ्याला घेऊन ये. मी वाढीन दोघांना.

दादा